विश्लेषण : होळी ते गुढीपाडवा... गोधडीच्या डागडुजीसाठी हेच दिवस का?

होळी जळाली आणि थंडी पळाली, असे म्हणतात. त्यानंतरच्या आठवड्यात घरोघरी गोधड्यांच्या घड्या घातल्या जातात आणि त्या कपाटावर, माळ्यावर किंवा दिवाणाच्या पोटात जाऊन बसतात. पुन्हा बाहेर येतात त्या थेट दिवाळीनंतर. मार्चमध्ये चार बोटे उसवलेला काठ तोवर कोणाच्या लक्षातही राहिलेला नसतो. थंडीत दोन-चार रात्री ओढाताण झाली की तिथे वीतभर भोक पडते आणि अर्ध्या तासाच्या शिवणीने वाचली असती ती गोधडी पायपुसणे होऊन जाते. गोधडी मुळात कशी बनते, कुठे झिजते, घरच्या घरी दुरुस्त कशी करायची आणि ही साधी दुरुस्ती आता अवघड का होत चालली आहे, याचा आढावा.

हेच दिवस का?

फाल्गुन पौर्णिमेची होळी ते चैत्र शुद्ध प्रतिपदेचा पाडवा हे अंतर एका पंधरवड्याचे. गोधड्या धुण्याचा रूढ मान खरे तर घटस्थापनेपूर्वीच्या दिवसांना आहे. नवरात्र बसण्याआधी घरातील सगळे अंथरूण-पांघरूण धुऊन काढण्याची प्रथा महाराष्ट्रात आजही पाळली जाते. पण तेव्हा पावसाळा पुरता सरलेला नसतो. जाड गोधडी बाहेरून सुकते आणि पोटात ओलसर राहते. फाल्गुनात ही अडचण नसते. विदर्भ, मराठवाडा आणि देशावर दुपारची हवा कोरडी असते, ऊन कडक असले तरी मे महिन्यासारखे भाजणारे नसते आणि वळिवाच्या सरींना बहुधा अवकाश असतो. कोकण आणि मुंबईत हवेत दमटपणा अधिक असल्याने तिथे एका दिवसाऐवजी दोन दिवसांचे ऊन द्यावे लागते.

दुसरे कारण वापराचे आहे. नुकतीच अंगावरून उतरलेली गोधडी कुठे टोचते, कुठे पातळ झाली आहे, कोणत्या कोपऱ्यात पाय अडकतो हे घरच्यांना ठाऊक असते. सहा महिन्यांनी ते आठवत नाही. तिसरे कारण साठवणीचे. घाम, तेल आणि धुळीसह घडी घातलेल्या कापडाला वास लागतो, कसर लागते आणि पावसाळ्यात बुरशीचे डाग पडतात. म्हणून आधी दुरुस्ती, मग धुणे, मग वाळवणे आणि शेवटी साठवण असा हा क्रम आहे.

गोधडी, वाकळ, रजई... फरक काय?

गोधडी म्हणजे जुन्या सुती कापडाचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवलेले पांघरूण. पश्चिम महाराष्ट्रात तिला वाकळ म्हणतात. चार थरांची ती चौघडी आणि तान्ह्या बाळासाठी मऊ, लहान ते दुपटे. रजई किंवा दुलई वेगळी. तिच्यात दोन कापडांमध्ये पिंजलेला कापूस भरलेला असतो आणि तो एका जागी गोळा होऊ नये म्हणून टाके घातलेले असतात. गोधडीत भरण असे नसतेच. कापडाचे थर हेच तिचे भरण.

नऊवारी लुगडे साधारण सव्वाआठ मीटर लांब आणि एक मीटरहून थोडे अधिक पन्ह्याचे असते. त्याचे दोन-दोन मीटरचे चार तुकडे पडतात. दोन लुगड्यांचे आठ तुकडे झाले की दोन-दोन तुकडे शेजारी जोडून दोन माणसांना पुरेल एवढी, चार थरांची गोधडी तयार होते. साडेपाच मीटरच्या साडीत दोन तुकडे निघून दीड मीटर कापड उरते. हे उरलेले कापड टाकायचे नसते. पुढच्या दहा वर्षांची ठिगळे त्यातूनच निघतात.

मेहनतीचा हिशेबही करून पाहण्याजोगा आहे. दोन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद गोधडीवर दोन-दोन सेंटिमीटरवर ओळी घातल्या तर शिवणीची एकूण लांबी १५० मीटर भरते. एका टाक्याला एक सेंटिमीटर धरला तर १५ हजार टाके. मिनिटाला १५ टाके पडले तरी सलग जवळपास १७ तासांचे काम. ओळी एकेक सेंटिमीटरवर घेतल्या की हे सगळे दुप्पट. पूर्वी शेतीची कामे हलकी झाल्यावर, उन्हाळ्यातील दुपारी, शेजारणी मिळून वाकळ का शिवत, याचे उत्तर या आकड्यांत आहे. एक वाकळ अंगणात पसरून चौघी चार कडांनी बसल्या की काम चौपट वेगाने होते.

टाक्यांची ओळ बहुधा बाहेरच्या काठापासून सुरू होऊन आत आत वळत मध्यापर्यंत जाते. त्यामुळे चौकोनात चौकोन दिसतात. हा केवळ नक्षीचा भाग नाही. एका ठिकाणी दोरा तुटला तरी शेजारच्या ओळी थर धरून ठेवतात आणि तुटलेला भाग तेवढाच दुरुस्त करता येतो.

एवढ्या थरांत ऊब येते कुठून?

गोधडी स्वतः उष्णता निर्माण करत नाही. शरीराची उष्णता बाहेर जाऊ न देणे एवढेच तिचे काम. ते काम कापडापेक्षा थरांमध्ये अडकलेली हवा अधिक करते, कारण स्थिर हवा उष्णतेची मंदवाहक असते. एकच जाड चादर आणि तेवढ्याच वजनाचे चार पातळ थर यांत चार थर अधिक उबदार वाटतात ते यामुळे. टाके फार घट्ट ओढले तर थर एकमेकांना चिकटून हवेची जागा कमी होते, फार सैल ठेवले तर थर सरकतात. दोरा ओढल्यावर कापडाला चुणी पडणार नाही इतपत ताण, हा मधला मार्ग.

जुन्या सुताचा दुसरा गुण ओलावा शोषण्याचा. प्रमाणित हवामानात कापूस स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के बाष्प धरून ठेवतो. पॉलिस्टरमध्ये हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते. म्हणून पहाटे घाम आला तरी सुती गोधडी अंगाला चिकटत नाही. शेकडो वेळा धुतल्याने धाग्यांचा ताठरपणा गेलेला असतो. नव्या कापडाला हा मऊपणा पैसे देऊनही चटकन येत नाही. बाळाचे दुपटे आजी-आईच्या जुन्या साडीचेच करण्यामागे भावना आहे तशी ही सोयही आहे.

गोधडी आधी कुठे फाटते?

गोधडी उजेडात पसरून दोन्ही बाजूंनी पाहिली की तीन प्रकारची झीज दिसते. पहिली उसवण, म्हणजे कापड शाबूत पण दोरा तुटलेला. दुसरी विरलेपणा, म्हणजे धागे आहेत पण इतके पातळ की पलीकडचा हात दिसावा. तिसरी सरळ फाट. यांतील उसवण सर्वांत सोपी आणि सर्वाधिक दुर्लक्षित. दोरा तुटला की तेवढ्या भागातील थर एकमेकांवर घासू लागतात, वरचा थर विरतो आणि मग फाटतो. बहुतेक मोठी भोके अशाच एखाद्या तुटक्या दोऱ्यातून सुरू झालेली असतात.

झिजण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत. हनुवटीकडचा काठ आधी जातो, कारण तो हाताने ओढला जातो आणि तिथे तेल-घाम साचतो. मग पायाकडचे कोपरे. त्यानंतर घडीच्या रेषा. वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी घडी घातली की त्या रेषेवरचे धागे मोडतात. दर साठवणीला घडीची जागा बदलणे हा त्यावरचा फुकटचा उपाय.

घरच्या घरी दुरुस्ती कशी करावी?

पहिला नियम : दुरुस्ती धुण्याआधी. ओल्या सुताची ताकद कमी होत नाही, उलट किंचित वाढते. पण पाणी प्यायलेल्या गोधडीचे वजन इतके वाढते की उचलताना सगळा भार फाटलेल्या जागेवर येतो आणि फाट लांबते. फार मळलेली गोधडी असेल तर फाटेभोवती तात्पुरते मोठे टाके टाचून ती आधी धुवावी आणि नंतर नीट शिवावी.

दुसरा नियम : ठिगळ गोधडीइतकेच जुने हवे. नवे, ताठ कापड जुन्यावर लावले तर पहिल्या धुण्यात ते आटते आणि भोवतीचे विरलेले कापड ओढून फाडते. नवेच कापड वापरायचे असेल तर ते आधी दोन-तीनदा गरम पाण्यात धुऊन घ्यावे. ठिगळ फाटेएवढे कापू नये. चारही बाजूंनी तीन-चार बोटे पुढे, जिथे कापड अजून मजबूत आहे तिथपर्यंत ते पोहोचायला हवे. ठिगळाचे उभे-आडवे धागे गोधडीच्या धाग्यांशी जुळवावेत. तिरके लावलेले ठिगळ ताणले जाऊन फुगते.

तिसरा नियम : दोरा सुती. पॉलिस्टरचा दोरा मजबूत असतो, पण तोच त्याचा दोष. ताण आला की दोरा तुटत नाही आणि जुने कापड मात्र कापले जाते. दुरुस्तीत तुटायचेच असेल तर दोऱ्याने तुटावे, कापडाने नव्हे. दोरा हातभर ते दीड हात लांब घ्यावा. त्याहून लांब दोऱ्याला गाठी पडतात आणि कापडातून ये-जा करताना तो झिजतो. गाठ वर न ठेवता दोन थरांच्या मध्ये लपवावी.

काम करताना ठिगळाच्या कडा आत दुमडून टाचण्यांनी बसवाव्यात, आधी कडेने बारीक टाका घालावा आणि मग मधल्या भागात सगळ्या थरांतून आरपार धावदोरा न्यावा. नुसती कड शिवली तर ठिगळ पिशवीसारखे लोंबते. काठ पूर्ण गेला असेल तर वरून नवा गोट लावणे सोपे. चार बोटे रुंदीची पट्टी काठावर दुमडून दोन्ही बाजूंनी शिवली की पुढची काही वर्षे निघतात. बोटात अंगुस्तान असावे आणि सुया मोजून घ्याव्यात, मोजून ठेवाव्यात. पांघरुणात राहिलेली सुई रात्री शोधण्याची वेळ कोणावर येऊ नये.

एक बाजू पूर्ण विरली असेल तर ती उसवून काढायची नसते. तिच्यावर आणखी एक साडी अंथरून शिवायची. जुना थर आत जातो, नवा वर येतो. म्हणूनच जुनी वाकळ एखाद्या ठिकाणी फाटली की आतून वेगळ्याच रंगाचे, कधी दोन पिढ्यांपूर्वीचे लुगडे डोकावते. अर्थात याला मर्यादा आहे. सहा-सात थरांनंतर सुई जाता जात नाही आणि धुतल्यावर ती गोधडी एकट्याने उचलवत नाही.

धुणे आणि वाळवणे... फ्लॅटमध्ये कसे जमवायचे?

नदीकाठी दगडावर गोधडी आपटून धुण्याचे दिवस बहुतेक ठिकाणी गेले. नदीत साबणाचे पाणी सोडणे आज योग्यही नाही. घरी मोठ्या टबात कोमट पाण्यात तासभर भिजवून, पायांनी तुडवून मळ काढणे आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळणे पुरेसे. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन हे फेस देणारे द्रव्य असते, त्यामुळे कच्च्या रंगाच्या जुन्या कापडाला रिठ्याचे पाणी सौम्य पडते. यंत्रात धुवायचीच असेल तर गोधडी ड्रममध्ये सैल फिरेल एवढी जागा हवी आणि पिळण्याचा वेग कमी ठेवावा.

धुळीतील सूक्ष्म किडे, म्हणजे डस्ट माइट, हे दमा आणि ॲलर्जीच्या रुग्णांसाठी महत्त्वाचे कारण. ते दमट अंथरुणात वाढतात. साधारण ६० अंश सेल्सिअस पाण्यात धुतल्याने ते मरतात, कोरड्या हवेत आणि कडक उन्हात त्यांचा टिकाव लागत नाही. मात्र मेलेल्या किड्यांचे अवशेष आणि विष्ठा यांनीही ॲलर्जी होते. त्यामुळे नुसते ऊन दाखवून भागत नाही, धुणे आणि झटकणेही लागते. दम्याच्या रुग्णाने स्वतः गोधडी झटकू नये.

वाळवताना एकाच दोरीवर टाकलेली गोधडी मध्ये दुमडून राहते आणि आतून सुकत नाही. हातभर अंतरावर दोन दोऱ्या बांधून त्यांवर ती मांडवासारखी पसरावी, दुपारी उलटावी. ज्यांच्याकडे गच्ची नाही त्यांनी गॅलरीत दोन खुर्च्यांच्या पाठी वापरल्या तरी चालते. ऊन एक-दोन दिवस पुरे. आठवडाभर उन्हात राहिलेल्या सुताचा रंग उडतो आणि धागाही कमजोर होतो.

वसंतातील फेरफटक्यातून घरात काय येते?

गोधडी दोरीवर वाळत असताना सकाळ-संध्याकाळ बाहेर पडण्यासारखे हेच दिवस. पंचांगाप्रमाणे वसंत म्हणजे चैत्र-वैशाख, पण झाडांना त्याची चाहूल फाल्गुनातच लागते. पानगळीनंतर ओक्याबोक्या फांद्यांवर पळस केशरी होतो, काटेसावर लाल फुलांनी भरते, पांगारा फुलतो, करंजाला पोपटी पालवी येते आणि थोड्याच दिवसांत कडुनिंबाच्या मोहोराचा वास सुटतो. विदर्भातील रस्त्यांच्या कडेला पळस नजरेत भरतो, मुंबईकरांना तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातही दिसतो. या बहरातील दोन झाडांचा अंथरूण-पांघरुणाशी थेट संबंध आहे.

पहिला पळस. रंगपंचमीचा पारंपरिक केशरी-पिवळा रंग याच्या फुलांचा. हाच रंग ठिगळाच्या कापडाला देऊन पाहण्याचा प्रयोग घरी करता येतो. सूत नैसर्गिक रंग सहज धरत नाही, म्हणून भारतीय रंगारी आधी कापडाला हिरड्याचे पाणी देत आणि मग तुरटीचे. साधारण १०० ग्रॅम सुती कापडासाठी १५ ते २० ग्रॅम हिरडापूड आणि तेवढीच तुरटी घ्यावी. हिरड्याच्या पाण्यात कापड रात्रभर भिजवून पिळून वाळवावे, मग तुरटीच्या कोमट पाण्यात काही तास ठेवावे. कापडाच्या वजनाएवढी वाळलेली फुले पाण्यात उकळून गाळावीत आणि त्या पाण्यात कापड मंद आचेवर तासभर ठेवावे. भांडे स्वयंपाकाचे नसावे.

मुलांना सोबत घेऊन चार चिंध्यांवर चार प्रकारे हा प्रयोग केला तर फरक दिसतो : एक नुसती फुलांच्या पाण्यात, एक फक्त तुरटी दिलेली, एक हिरडा आणि तुरटी दोन्ही दिलेली आणि एक हिरडा देऊन लोखंडी कढईत उकळलेली. शेवटची काळपट होते, कारण हिरड्यातील टॅनिन आणि लोह यांचा संयोग करडा-काळा रंग देतो. चारही चिंध्या तीनदा धुऊन, आठवडाभर उन्हात ठेवून मग पुन्हा पाहाव्यात. पळसाचा रंग उन्हाला आणि साबणाला फार टिकणारा नाही, हे तिथेच कळते. त्यामुळे रंगवलेले ठिगळ गोधडीला लावण्यापूर्वी पाण्याला रंग सुटणे बंद होईपर्यंत धुणे आवश्यक.

दुसरी काटेसावर. होळीच्या सुमारास फुललेल्या या झाडाची बोंडे उन्हाळ्यात तडकतात आणि रेशमासारखा कापूस वाऱ्यावर उडतो. तंतू गुळगुळीत आणि आखूड असल्याने त्याचे सूत सहज कातता येत नाही, पण उशीत भरायला तो उत्तम, कारण तंतू आतून पोकळ आणि हलका असतो. गोधडीत मात्र तो उपयोगी नाही. धावदोऱ्याला तो धरत नाही, थरांत सरकून गोळे होतात. भरताना नाका-तोंडावर रुमाल बांधावा आणि शेगडीपासून लांब बसावे, कारण हा कापूस क्षणात पेट घेतो.

फुले झाडावरून तोडू नयेत. पळस आणि सावरीच्या फुलांतील मधावर मैना, शिंजीर आणि इतर अनेक पक्षी या दिवसांत पोसतात. खाली पडलेली वेचली तरी ओंजळ भरते. राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्यातून मात्र पडलेली फुले, बोंडेही आणता येत नाहीत, वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला मनाई आहे. तिथे डोळ्यांनी वेचावे, रस्त्याकडेच्या किंवा सोसायटीच्या आवारातील झाडाखाली हाताने.

साठवताना डांबराच्या गोळ्या टाकाव्यात का?

निदान बाळाच्या दुपट्यांमध्ये अजिबात नकोत. डांबराच्या गोळ्यांमध्ये बहुधा नॅफ्थलीन असते. ‘जी६पीडी’ या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांमध्ये नॅफ्थलीनमुळे तांबड्या रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ झाल्याची प्रकरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत, आणि त्यांत या गोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांचा व पांघरुणांचा संबंध आढळला आहे. ही कमतरता भारतात दुर्मीळ नाही आणि बाळात ती आहे की नाही हे तपासणीशिवाय कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नॅफ्थलीनला ‘संभाव्य कर्करोगकारक’ गटात ठेवले आहे.

शिवाय गरजही नाही. या गोळ्या प्रामुख्याने लोकरीचे कपडे खाणाऱ्या किडीसाठी. ती किड लोकर आणि रेशमावर जगते, स्वच्छ सुतावर नाही. सुती कापडाला त्रास देणारी कसर खळ, तेल आणि मळाकडे ओढली जाते. म्हणून गोधडीला साठवण्यापूर्वी खळ देऊ नये, ती पूर्ण कोरडी आणि गार झाल्यावरच घडी घालावी आणि प्लॅस्टिकऐवजी जुन्या सुती चादरीत किंवा धोतरात बांधावी. हवाबंद पिशवीत राहिलेला थोडासा ओलावाही बुरशीला पुरतो. कडुनिंबाचा पाला घालायचा असेल तर तो सावलीत पूर्ण वाळवलेला हवा, ओल्या पाल्याचे डाग पडतात. पावसाळ्यानंतर एकदा गाठोडे सोडून घडी बदलली की झाले.

बाळाच्या दुपट्याबाबत आणखी एक काळजी घ्यावी. सुटलेला दोरा त्याच दिवशी कापावा. तो झोपेत बाळाच्या बोटाभोवती आवळला जाऊ शकतो.

दुरुस्ती अवघड का होत चालली आहे?

सुई-दोरा आजही दहा-वीस रुपयांत मिळतो. अडचण आहे ती जुन्या सुती कापडाची. जगात तयार होणाऱ्या एकूण तंतूंपैकी निम्म्याहून अधिक वाटा आता एकट्या पॉलिस्टरचा आहे, कापसाचा वाटा सुमारे एक पंचमांश. घराच्या कपाटातही हेच चित्र आहे. रोजच्या वापरातील साड्या, गाऊन, ओढण्या, चादरी सिंथेटिक किंवा मिश्र धाग्याच्या आहेत. वीस वर्षांपूर्वी घरात साठलेल्या सुती साड्या संपल्या की पुढच्या ठिगळासाठी कापड कुठून येणार, हा खरा प्रश्न आहे. पॉलिस्टरची साडी विरत नाही, त्यामुळे मऊही होत नाही. शिवताना सरकते, घाम शोषत नाही आणि शेगडी-शेकोटीची ठिणगी पडली तर वितळून कातडीला चिकटते.

कापड सुती आहे की नाही हे ओळखता येते. दोन-चार धागे काढून चिमट्यात धरून, सिंकवर किंवा ताटलीवर पेटवावेत. सूत कागदासारख्या वासाने जळून मऊ राख होते. पॉलिस्टर आक्रसते, वितळते आणि कडक मणी उरतो. दोन्ही लक्षणे दिसली तर कापड मिश्र. जुनी धोतरे, पंचे, लुंग्या, सुती चादरी, पडद्यांची अस्तरे यांतून आजही चांगली ठिगळे निघतात. भांडीवाल्याला गाठोडे देण्याआधी ते एकदा चाळणे एवढीच तसदी.

दुसरी टंचाई वेळेची, आणि तिची वाटणी समान नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, विनामोबदला घरकामात सहभागी होणाऱ्या महिला त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, पुरुष ८८ मिनिटे. कपडे आणि पांघरुणांची निगा याच घरकामात मोजली जाते. ‘आजी शिवायची, आता कोण शिवतो?’ या तक्रारीत हे गणित दडलेले आहे. १७ तासांचे काम पुन्हा एकाच व्यक्तीच्या डोक्यावर टाकून गोधडी टिकणार नाही. डागडुजीचे काम मात्र वाटून घेण्याजोगे आहे. एकाने उजेडात धरून फाटी शोधायच्या, दुसऱ्याने ठिगळे कापायची, मुलांनी सुया ओवायच्या आणि शिवायला ज्याला वेळ असेल त्याने बसायचे. धावदोरा शिकायला दहा मिनिटे लागतात आणि तो शिकण्यात बाई-पुरुष असा भेद नाही.

इतरत्र काय घडले?

जुने कापड थरांत शिवण्याची रीत केवळ महाराष्ट्राची नाही. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, कर्नाटकातील कौदी, सिंध-कच्छची रल्ली ही तिचीच भावंडे. जपानमध्ये गरीब शेतकरी-कोळी कुटुंबांची पिढ्यानपिढ्या ठिगळे लावलेली वस्त्रे ‘बोरो’ नावाने ओळखली जातात. एकेकाळी दारिद्र्याची खूण म्हणून लपवली जाणारी ही वस्त्रे आज संग्रहालयात आहेत. कांथ्याचेही असेच झाले. घरच्या पांघरुणावरचा टाका आता साड्यांवर, ओढण्यांवर मोठ्या बाजारात विकला जातो.

महाराष्ट्रात ठिगळाला वेगळी प्रतिष्ठा मिळाली ती गाडगेबाबांमुळे (१८७६-१९५६). चिंध्यांचे वस्त्र पांघरणारे बाबा ‘गोधडे महाराज’ म्हणूनही ओळखले जात. गोधडीलाही आता बाजार मिळू लागला आहे. शहरांत ऑर्डर घेऊन गोधड्या शिवून देणाऱ्या महिला आणि बचत गट आहेत. ग्राहकाच्या आईच्या साड्या घेऊन आठवणीची गोधडी करून देण्याची मागणीही वाढते आहे. हा चांगला रोजगार आहे. मात्र अनेक ठिकाणी शिवण यंत्रावरची, कापड नवे आणि आत कृत्रिम भरण असते. ती दिसायला देखणी असली तरी फाटल्यावर तिला ठिगळ लावणे अवघड, कारण आतील भरण बाहेर येते. विकत घेताना ‘आत काय आहे आणि दुरुस्त करून मिळेल का’ हे दोन प्रश्न विचारायला हवेत. हाताने शिवलेल्या गोधडीचा भाव जास्त वाटला तर १५ हजार टाक्यांचा हिशेब आठवावा.

यंदा निदान काय करता येईल?

सगळ्या गोधड्या एकाच पंधरवड्यात दुरुस्त व्हायला हव्यात असे नाही. घरातील सर्वांत जास्त वापरली गेलेली एक गोधडी निवडावी. होळीनंतरच्या पहिल्या सुट्टीला ती उजेडात पसरून उसवलेल्या जागांवर रंगीत दोऱ्याने खूण करावी. तुटलेल्या ओळी आधी शिवाव्यात, ठिगळ त्यानंतर. दुसऱ्या सुट्टीला धुऊन दोन दोऱ्यांवर टाकावी. पाडव्यापूर्वी तिची घडी नव्या जागी मोडून ती धोतरात बांधावी. आणि ठिगळांसाठी एक पिशवी सुरू करावी. घरातून बाद होणारे प्रत्येक सुती कापड, धुऊन, बटणे काढून तिच्यात जावे. पुढच्या फाल्गुनात सुई हातात घेणाऱ्याला सर्वांत आधी लागणार आहे ती हीच पिशवी.